पोतदार म्हणजे नक्की कोण?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की आडनावाबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त पाठवा. देशमुख-पाटील मंडळी तुटून पडतील असं वाटलं होतं, पण झालं भलतंच, एकाच आडनावाची दोन पत्रं आली आणि आणखी दोन त्याच्याच शेजारची. म्हटलं चला, या वेळचं सदर पोतदारांना देऊन टाकू.

प्रश्न (मिरज): सर नमस्कार, आम्ही पोतदार, जातीने सोनार. आजी सांगायची की आपल्या घरात बायकांना काळी पोत ओवून द्यायचे म्हणून आपण पोतदार. आता फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की पोत म्हणजे संस्कृतात जहाज, म्हणजे पोतदार हे आरमारातले मोठे अधिकारी, काका लोक एकदम खूश आहेत. आमच्या गल्लीतच ब्राह्मण पोतदार पण आहेत, आणि ऑफिसमध्ये कोलकात्याचा एक पोद्दार आहे तो म्हणतो आपण एकच. यातलं खरं काय? आणि आमचं मूळ गाव कसं शोधायचं?

उत्तर: आधी ते जहाज बुडवून टाकतो, काकांची माफी मागून. संस्कृतात पोत म्हणजे जहाज हे बरोबर आहे, पण आपल्याकडच्या जुन्या कागदांत पोतदार जिथे जिथे भेटतो तिथे तो पैशाच्या शेजारी बसलेला असतो, पाण्याच्या नाही. आरमारातली माणसं म्हणजे तांडेल, सारंग, नाखवा, त्यांची नावं वेगळी. आणि हे आडनाव ज्या भागात खच्चून भरलंय तो सगळा देशावरचा, तिथून समुद्र गाठायला घाट उतरावा लागतो.

आजीचं म्हणणं त्या मानानं घरच्या जवळचं आहे, पण तेही नाही. पोत, सर, माळा रेशमात ओवून, गाठवून द्यायचं काम पटवेकऱ्यांचं, आणि त्यांचं आडनाव वेगळं आहेच की, पटवेकरी किंवा पटवेकर. सोनारानं कधी पोत ओवलीच नाही असं मी म्हणत नाही, पण आडनाव त्यावरून पडलेलं नाही.

खरा शब्द फारसी आहे, फोता. फोता म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, मग त्यात बांधलेले पैसे, मग पैशाची थैली, आणि शेवटी सरकारी थैली म्हणजे खजिना. हा फोता सांभाळणारा तो फोतादार. मोगलांच्या कारभारात परगण्याच्या पातळीवर फोतादार नावाचा अधिकारी असायचा, वसुलीचा पैसा त्याच्या ताब्यात. मराठीत येताना फ चा प झाला आणि पोतदार झालं. आपल्याकडे पोतं म्हणजे गोणी हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या दप्तरात पोतं म्हणजे सरकारी खजिना असाही अर्थ आहे, आणि खजिन्यात जे नाणं चालतं ते पोतेचाल. तेव्हा पोतदारातलं पोत हे गळ्यातलं नाही, तिजोरीतलं.

आता हा पोतदार गावात करायचा काय, ते जरा नीट सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. आज आपल्याला रुपया म्हणजे रुपया, पण पेशवाईत तसं नव्हतं. एकाच बाजारात अंकुशी रुपया चालायचा, चांदवडी चालायचा, निजामाच्या मुलखाकडून तिकडचे रुपये यायचे, शिवाय कुठल्या कुठल्या टांकसाळींचे आणखी कितीतरी. प्रत्येकाचं वजन थोडं इकडं तिकडं, चांदी कमीजास्त, आणि हातोहात फिरून झिजलेली नाणी तर विचारूच नका. आता असं बघा की चावडीवर सारा भरायचा दिवस आहे, पाटील बसलाय, कुलकर्णी दप्तराचा रुमाल सोडून बसलाय, शेतकऱ्यानं कनवटीचे पाच रुपये काढून समोर ठेवले, तर ते पाच रुपये सरकारच्या हिशोबानं पाच भरतात की पावणेपाच हे सांगणार कोण? तो पोतदार. तो रुपया दगडावर टाकून आवाज ऐकायचा, बोटाच्या पेरानं कडा चाचपायचा, शंका आली तर वजन करायचा, आणि मग सांगायचा की हे नाणं खरं, हे खोटं, आणि ह्याला एवढा बट्टा. बट्टा म्हणजे ते नाणं जेवढं कमी भरतं तेवढी कापलेली रक्कम. "नावाला बट्टा लागला" असं आपण म्हणतो ना, तो ह्याच चावडीवरचा बट्टा. बंदा रुपया, खणखणीत नाणं, पारखून घेणं, अर्धी मराठी ह्या लोकांनी पुरवलीय.

माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला एक चांदीचा रुपया आहे, त्यावरची अक्षरं निम्मी टांकसाळीतच कापली गेलीयत कारण ठसा मोठा आणि नाणं लहान. पण भिंगातून बघितलं की कडेजवळ छिन्नीच्या टोकानं मारलेल्या चार बारीक खुणा दिसतात, एक चंद्रकोरीसारखी, बाकीचे नुसते ठिपके. ह्या सराफ-पोतदारांच्या खुणा. ज्याच्या हातून नाणं गेलं त्यानं तपासलं आणि आपली खूण ठोकली, म्हणजे पुढच्या वेळी परत आलं तर ओळखता यावं. कुणाच्या त्या कळायला मार्ग नाही, पण त्यातला एखादा तुमचा पणजोबा-खापरपणजोबांपैकी असायला काहीच हरकत नाही.

चांदीची पारख सोनाराशिवाय दुसऱ्या कुणाला असणार, म्हणून गावपातळीवरचा पोतदार हा बहुतेक ठिकाणी सोनारच. गावाच्या हक्कदारांत तो धरलेला असायचा. बलुतेदारांच्या, म्हणजे गावाची कामं करून धान्याचा वाटा घेणाऱ्यांच्या, याद्या गावागणिक बदलतात, सोनार कुठे बलुत्यात तर कुठे अलुत्यात, म्हणजे दुय्यम हक्कदारांत, दिसतो, पण नाणं पारखायचं काम त्याच्याकडे आणि त्याबद्दल गावाकडून हक्क हे ठरलेलं.

मग गल्लीतले ब्राह्मण पोतदार कुठून आले? तर पोतदार हे जातीचं नाव नाही, खुर्चीचं नाव आहे, आणि खुर्च्या दोन होत्या. एक गावची, पारख करणाऱ्याची, ती सोनाराकडे. दुसरी वरची, परगण्याच्या किंवा संस्थानाच्या खजिन्याची, तिथं नाणं वाजवण्यापेक्षा रोकड सांभाळणं आणि हिशोब जास्त, ती बऱ्याचदा लेखणीवाल्या घरांकडे गेली. इतिहासकार दत्तो वामन पोतदार, जे पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही होते, त्यांचा जन्म १८९० चा महाडजवळच्या बिरवाडीचा, ते ब्राह्मण. तेव्हा गल्लीतल्या पोतदारांचं आणि तुमचं नातं एवढंच की दोघांचे पूर्वज कधीतरी दुसऱ्याचे पैसे मोजत होते. खुद्द सोनारांतही पोतदार एका घराण्याचे नाहीत, लाड सोनारांत आहेत, पांचाळांत आहेत, दैवज्ञांत आहेत, आणि यांच्यात पूर्वी आपसात सोयरीक होत नसे. आपल्याकडे आडनाव सारखं दिसलं की लगेच भाऊबंद म्हणून मिठी मारायची घाई असते. वतनाच्या, म्हणजे पिढीजात हक्काच्या कामावरून पडलेल्या, आडनावात ती चालत नाही, कारण जेवढी गावं तेवढे पोतदार स्वतंत्रपणे तयार झालेत.

ऑफिसमधल्या पोद्दारबद्दल. तुम्ही "पोतदार" जरा घाईत म्हणून बघा, चारपाच वेळा. त मधला अ आपण गिळतोच, पोत्‌दार होतं, मग त ला द चिकटून पोद्दार. शब्द एकच आहे. फोतादार तिकडं गेला आणि पोद्दार झाला, बंगाल-बिहारमध्ये तो नाणी बदलून देणारा आणि पारखणारा, आणि राजस्थानातल्या शेखावाटीकडचे पोद्दार व्यापारी म्हणून कोलकाता-मुंबईत पसरले. काश्मिरी पंडितांत तर मूळ फ तसाच राहिलाय, फोतेदार. पोतदार, पोद्दार, फोतेदार, एका शब्दाची तीन टोकं. पण शब्दाचं नातं आहे, रक्ताचं नाही. त्यांना चहा पाजा, वंशावळीत घालू नका.

पोतदारांचं कामच बंद पडलं ते १८३५ मध्ये. कंपनी सरकारनं सगळ्या मुलखाला एकच रुपया केला, १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, प्रत्येक नाणं सारखं, वर राजाचं डोकं. जुनी नाणी लगेच गेली नाहीत, लोक वापरत राहिले, पण दर रुपयामागे पारख करायची गरज हळूहळू संपली. काम गेलं, हक्क आटले, आडनाव मात्र राहिलं. मराठवाड्याची गोष्ट जरा वेगळी, तिथे निजामाचा स्वतःचा रुपया, हाली शिक्का, वेगळा आणि इंग्रजी रुपया वेगळा, साधारण सात हाली म्हणजे सहा इंग्रजी असा हिशोब, आणि १९४८ च्या पोलिस ॲक्शननंतरही काही वर्षं हाली चालू होता. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे गणित अजून तोंडपाठ असलेले भेटतात.

पसारा बघायचा तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, मग मराठवाडा, आणि तिथून खाली बेळगाव, विजापूर, बिदर, गुलबर्गा. म्हणजे जिथे जिथे मराठी दप्तर किंवा विजापूर-हैदराबादची सत्ता होती तिथे हे आडनाव, राज्याची हद्द त्यानंतरची आहे. तिकडचे पोतदार घरात कन्नड बोलतात म्हणून ते वेगळे आणि आपण मूळचे असं समजू नका, उलटंही असू शकतं. कुलकर्ण्यांचंही तसंच आहे, धारवाडला गेलात तर पुण्याएवढेच भेटतील.

मूळ गाव. पोतदारात अडचण अशी की -कर वाल्यांसारखं आडनावातच गाव लिहिलेलं नसतं. म्हणून आडनाव बाजूला ठेवा आणि आधी कुलदैवत, गोत्र आणि पोटजात ह्या तीन गोष्टी आत्या-मावश्यांकडून काढून घ्या, पुरुषांना हे माहीत नसतं असा माझा अनुभव. मग घरातल्या ट्रंका. एखादं जुनं खरेदीखत किंवा गहाणखत मोडीत असेल तर ते रद्दी समजून देऊ नका. त्यात "अमका बिन तमका पोतदार, मौजे अमुक" असं लिहिलेलं असतं. बिन म्हणजे चा मुलगा, मौजे म्हणजे गाव, आणि कसबे लिहिलं असेल तर बाजारपेठेचं गाव. एका ओळीत बापाचं नाव आणि गाव दोन्ही मिळतं. खाली साक्षीदारांच्या सह्यांच्या जागी चित्रं दिसली तर घाबरू नका, ती निशाणी, पाटलाची नांगर, बाकीच्यांची आपापली हत्यारं.

तुम्ही मिरजेचे आहात म्हणून एक खास वाट सांगतो. तुमच्या भागात आणि बेळगावकडे हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, घराण्यांच्या वंशावळी सांगणारे. दारात बसून चोपडी उघडतात आणि खापरपणजोबापासून नावं वाचत येतात, बदल्यात धान्य, कपडा, पैसे. सगळ्याच जातींचे हेळवी असतात असं नाही आणि ते स्वतःच्या ठरलेल्या घरांनाच येतात, पण गावाकडच्या कुणाला तरी "आपला हेळवी कोण" एवढं विचारून बघा. दुसरी वाट त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांची. त्यांच्या वह्यांत कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, मुलं किती, हे नावांसकट असतं. फक्त तिथं "पोतदार" म्हणून विचारलंत तर गुरुजी तुमच्याकडं बघतच राहतील, गावाचं नाव लागतं.

प्रश्न (परभणी): सातबाऱ्यावर आजोबा "पोतदार", वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर "सोनार", माझं सगळं "पोतदार". जातीच्या दाखल्यासाठी गेलो तर एका कार्यालयात म्हणाले ही दोन वेगळी घराणी दिसतायत. काय करू?

उत्तर: घराणं एकच आहे, मास्तर वेगळा आहे. पूर्वी पोराला शाळेत घालताना मास्तर विचारायचे "कुणाचा रे तू?" आणि बाप सांगायचा "सोनाराचा", झालं आडनाव. सुतार, लोहार, कुंभार, परीट ह्यांच्यात हे सर्रास. काही घरांत तर दोन सख्ख्या भावांची दोन आडनावं आहेत, कारण एकाला चुलत्यानं नेऊन घातलं.

खरं तर तुमच्याकडचा कागद तुमच्या बाजूचाच आहे, दाखल्यावर "सोनार" असणं म्हणजे जातीचा पुरावा आयताच. फक्त आजोबा आणि वडील ह्यांच्यातली साखळी जोडायची. त्यासाठी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करा, आजोबांच्या पश्चात वडिलांचं नाव जमिनीला लागलं तो वारसाचा फेरफार तलाठ्याकडून काढा, त्यात बापलेकाचं नातं स्पष्ट येतं. आणि तहसीलला जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद असते ते, त्यात वडिलांच्या जन्माची नोंद शोधा, तिथे बापाचं नाव आणि जात दोन्ही लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, आणि जात पडताळणी समिती रक्तातल्या नातेवाईकांच्या जुन्या नोंदींना जास्त वजन देते, म्हणून चुलते-आत्यांचे शाळेचे दाखलेही गोळा करून ठेवा. कागद मोडीत किंवा उर्दूत असेल तर (तुमच्याकडे उर्दूची शक्यता जास्त, निजामाचा कारभार) जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागेल. आणि कृपा करून आता घाईनं राजपत्रात आडनाव बदलून वगैरे घेऊ नका, तुमचं चालू आडनाव बरोबरच आहे, बदललंत तर तिसरा घोळ तयार होईल.

प्रश्न (पुणे): मी पोतनीस. लोक पोतदार म्हणून हाक मारतात, मी वैतागते. दोन्ही एकच का?

उत्तर: चुलत भावंडं म्हणा, आडनावांची. पोत तोच, खजिन्याचा. नीस हे फारसी नवीस चं आखडलेलं रूप, नवीस म्हणजे लिहिणारा. फडणवीसाचा फडणीस झाला तसंच. म्हणजे पोतदाराच्या हातात पैसे आणि पोतनिसाच्या हातात त्या पैशांचा कागद. चिटणीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस, वाकनीस ही सगळी तुमची लेखणीवाली मंडळी. पोतनीस बरेचसे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, तुम्हीही बहुधा असाल. आणि मूळ आडनाव वेगळं असण्याची शक्यता भरपूर, कारण पद मिळालं की जुनं आडनाव मागे पडायचं. नाना फडणवीस मूळचे भानू, पेशवे मूळचे भट. देवघरात किंवा लग्नाच्या जुन्या पत्रिकेत दुसरं आडनाव कुठे दिसतं का बघा. हाक मारणाऱ्यांवर माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न (नाशिक): आम्ही टाकसाळे. मुलाला शाळेत चिडवतात, "टाकसाळे, साळी टाक". पोतदारांशी आमचा काही संबंध लागतो का?

उत्तर: लागतो ना, तुम्ही बनवायचं आणि त्यांनी तपासायचं. टाकसाळ, टांकसाळ म्हणजे नाणी पाडायचा कारखाना. पेशवाईत टांकसाळीचा परवाना सरकारकडून घेऊन खासगी लोकही ती चालवायचे, आणि चांदवड तर तुमच्याच जिल्ह्यात आहे, जिथून तो चांदवडी रुपया यायचा. तुमचं घराणं तिथलंच असं काही मी आडनावावरून सांगणार नाही, टांकसाळी बऱ्याच गावांत होत्या. पारखी, सराफ, रोकडे, खजिनदार ही सगळी ह्याच गल्लीतली आडनावं. चिरंजीवांना सांगा, पुढच्या वेळी कुणी चिडवलं तर म्हणायचं आमच्याकडे पैसे छापायचे, तुझ्याकडे काय करायचे?

गोंदियाहून एक आणि वसईहून दोन पत्रं आहेत ती पुढच्या वेळी घेतो. आणि एक विनंती, पत्रात गावाचं नाव तालुक्यासकट लिहा, नुसतं "आमचं गाव वडगाव" लिहिलंत तर मी कुठल्या वडगावला जाऊ?